कळवळा खरा कसा ओळखावा

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघालं की खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडतो आणि थोड्याच वेळात चेलाडी फाटा येतो. इथून आत वळलं की नसरापूर, बनेश्वरचं देऊळ, आणि हाच रस्ता पुढे मार्गासनीवरून वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याच्या पायथ्याला जातो. महामार्गावर गाड्या सुसाट असतात. फाट्यावर एसटीची वाट बघणारी माणसं, दुधाचे कॅन बांधलेल्या दुचाक्या, सुट्टीच्या दिवशी सॅक पाठीला लावून किल्ल्यांकडे निघालेली पोरं. अशा जागी अपघात झाला की एक जण गाडी बाजूला घेऊन धावत येतो, दुसरा काच खाली करून बघतो आणि निघून जातो, तिसरा मोबाईल काढतो, चौथा जखमीच्या तोंडात बाटलीतलं पाणी ओतायला लागतो. मग चहाच्या टपरीवर बोलणी सुरू होतात. कोणी म्हणतं, माणुसकी राहिली नाही. त्यावर दुसरा म्हणतो, जो धावला तोही कशावरून मनापासून धावला? नाव व्हावं म्हणून धावला असेल, नाहीतर पुण्य मिळावं म्हणून.

हा दुसरा प्रश्न जुना आहे आणि गंभीर आहे. दुसऱ्याबद्दल वाटणारी दया खरोखर दुसऱ्यासाठी असते, की आपल्याच मनाची समजूत काढण्यासाठी? पुष्कळ जण त्यावर खांदे उडवून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण गेल्या पन्नास-साठ वर्षांत या प्रश्नाचा पायरीपायरीने अभ्यास झाला आहे आणि आपल्या परंपरेतही त्यावर बारकाईने विचार झालेला आहे. तेव्हा एकेक पायरी बघत जाऊ.

सुरुवात न थांबणाऱ्यांपासून करू. न थांबणाऱ्याच्या मनात दया नसतेच, असं आपण धरून चालतो. १९७३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींना विषय दिला होता तो बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीचा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलून नेणाऱ्या वाटसरूचा. त्यांच्या वाटेवर एक माणूस एका दारात वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांच्याजवळ वेळ होता, त्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी त्याच्यापाशी थांबले. ज्यांना थोडी घाई होती, त्यांतले ४५ टक्के. ज्यांना ‘तुम्हाला उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं, त्यांतले फक्त १० टक्के. डोक्यात भाषण कुठलं होतं याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकाराच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून गेले.

त्याआधी, १९६८ मध्ये, डार्ली आणि बिब लॅटाने यांनी गर्दीचा परिणाम तपासला होता. इंटरकॉमवर बोलताना पलीकडच्या माणसाला फिट आल्याचे आवाज येतात. ऐकणारा एकटाच आहे असं त्याला वाटत असेल, तर ८५ टक्के लोक त्या माणसाची फिट संपायच्या आत मदत मागायला बाहेर पडले. आणखी चार जण ऐकत आहेत असं वाटत असेल, तर ३१ टक्केच. मला यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की जे उठले नाहीत ते निर्विकार नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, आणि खोलीत आलेल्या माणसाला ते विचारत होते की तो बरा आहे ना. कळवळा होता, पाय उचलत नव्हते.

आपल्याकडे या दोन कारणांत तिसरं आणि भारी कारण मिसळतं, ते म्हणजे पोलीस आणि कोर्टाची धास्ती. सेव्ह लाइफ फाउंडेशनने २०१३ साली केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी सांगितलं की अपघातातल्या जखमीला आपण मदत करण्याची शक्यता कमी आहे. त्यातल्या ८८ टक्क्यांनी कारण दिलं ते चौकशीचा ससेमिरा आणि कोर्टाच्या खेपांचं. म्हणजे टपरीवर ज्याला ‘माणुसकी गेली’ म्हणतात, त्यातला मोठा हिस्सा जुन्या भीतीचा आहे. ही भीती आता कायद्याने काढून टाकली आहे, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याने नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे अशी सक्ती पोलीस करू शकत नाहीत, दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही, आणि साक्षीदार व्हायचं की नाही हे तो स्वतः ठरवतो.

तेव्हा न थांबणाऱ्याकडे बघून दया नसते असं म्हणता येत नाही. आता थांबणाऱ्याकडे येऊ. तिथे प्रश्न खरा अवघड होतो.

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज माणूस मुळात स्वार्थी असतो असं मानणारा म्हणून ओळखला जातो. जॉन ऑब्री याने त्याची एक हकिकत लिहून ठेवली आहे. हॉब्जने लंडनच्या रस्त्यात एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे दिले. सोबतच्या पाद्र्याने विचारलं, येशूची आज्ञा नसती तर दिले असते का? हॉब्ज म्हणाला, दिले असते, कारण त्या म्हाताऱ्याची अवस्था बघून मला वेदना होत होती आणि पैसे दिल्याने त्याला जसा दिलासा मिळाला तसा मलाही मिळाला. संशय घेणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद या उत्तरात आहे. आपण दुसऱ्याचं दुःख घालवत नाही, त्याच्यामुळे आपल्याला झालेलं दुःख घालवतो.

हे उडवून लावण्याजोगं नाही. महामार्गावर जखमीच्या तोंडात पाणी ओतणाऱ्या माणसाकडे नीट बघा. त्याची चलबिचल होत असते. रक्त बघवत नाही, कण्हणं ऐकवत नाही, काहीतरी केलंच पाहिजे असं होतं. म्हणून तो डोकं उचलतो, बाटली तोंडाला लावतो, काखेत हात घालून ओढत कडेला नेतो, मिळेल त्या रिक्षात कोंबतो. यातली प्रत्येक गोष्ट त्या जखमीला घातक ठरू शकते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जातं. मानेचा मणका दुखावला असेल तर ओढाताणीत कायमचं अपंगत्व येऊ शकतं. खरं तर १०८ ला फोन लावायचा, मागून येणाऱ्या गाड्यांना इशारा द्यायचा, वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, आणि जागीच जिवाला दुसरा धोका नसेल तर मान न हलवता रुग्णवाहिकेची वाट बघायची. पण वाट बघणं फार जड जातं, कारण त्यात आपली चलबिचल तशीच राहते. पाणी पाजलं की पाजणाऱ्याला बरं वाटतं. त्याचा हेतू वाईट नसतो, पण त्या क्षणी त्याचं लक्ष जखमीपेक्षा स्वतःच्या घालमेलीवर असतं.

म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून आपल्यात दोन गोष्टी जाग्या होतात आणि त्या बाहेरून अगदी सारख्या दिसतात. एक आपली स्वतःची घालमेल. दुसरी त्या माणसाविषयीची कणव. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले, एक दूरचा आणि एक जवळचा. क्रौर्य हा दूरचा, तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे आपलं स्वतःचं दुःखी होणं. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून त्याच्यापासून जपायचं. दीड हजार वर्षांपूर्वी केलेला हा भेद मला आजच्या पुस्तकांतल्या कितीतरी व्याख्यांपेक्षा नेमका वाटतो.

मग हे दोन वेगळे काढायचे कसे? बॅटसन याने त्यासाठी एक साधी युक्ती शोधली. घालमेल घालवायचे दोन मार्ग असतात, मदत करणं किंवा तिथून निघून जाणं. ज्याला फक्त आपली घालमेल घालवायची आहे, तो दार उघडं असेल तर निघून जाईल. ज्याला समोरच्याची काळजी आहे, त्याची काळजी दाराबाहेर गेल्याने संपत नाही. तेव्हा दार उघडं ठेवून बघायचं.

१९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बॅटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅन्सस विद्यापीठातल्या ४४ विद्यार्थिनींना एलेन नावाची मुलगी पडद्यावर दाखवली. तिला विजेचे धक्के बसताहेत आणि ते तिला सोसवत नाहीत, असं दिसत होतं. प्रत्यक्षात कोणालाच धक्के दिले जात नव्हते. निम्म्या मुलींना सांगितलं होतं की दोन फेऱ्या बघितल्या की तुम्ही जाऊ शकता. उरलेल्यांना सगळ्या फेऱ्या बघायच्या होत्या. शिवाय काहींना एलेनच्या आवडीनिवडी आपल्यासारख्याच आहेत असं कळवून तिच्याविषयी जवळीक निर्माण केली होती, काहींना ती अगदी वेगळी असल्याचं भासवलं होतं. मग प्रत्येकीला विचारलं, एलेनच्या जागी तू बसशील का?

जिथे जवळीक नव्हती तिथे हॉब्जचं म्हणणं खरं ठरलं. दार उघडं असताना १८ टक्के मुली तयार झाल्या. पुढचं सगळं बघावंच लागणार म्हटल्यावर ६४ टक्के. म्हणजे ती मदत बरीचशी स्वतःची सुटका होती. पण जिथे कणव जागी झाली होती तिथे दार बंद असताना ८२ टक्के आणि दार उघडं असताना ९१ टक्के मुली एलेनच्या जागी बसायला तयार झाल्या. निघून जाणं सोपं असूनही त्या गेल्या नाहीत. प्रयोग लहान होता आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण पुढच्या वर्षांत बॅटसनने वेगवेगळ्या आडवाटांनी हाच प्रश्न तपासला आणि उत्तर बहुतेक वेळा याच दिशेने आलं.

तरीही संशय घेणारा हटत नाही. तो म्हणतो, ठीक, पण मदत करून समाधान मिळालंच ना? मग ती समाधानासाठीच केली. माझ्या मते या सबंध वादातली सर्वात मोठी गफलत इथे आहे. एखाद्या कामातून समाधान मिळालं म्हणजे ते समाधानासाठी केलं, असं होत नाही. उलट, समोरच्याचं बरं व्हावं अशी इच्छा आधी नसेल तर त्याचं बरं झाल्यावर समाधान वाटेलच कशाने? ज्याला दुसऱ्याचं काही देणंघेणं नाही, त्याला ते समाधान मिळतच नाही. २००७ मध्ये ऑरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९ स्त्रियांना प्रत्येकी शंभर डॉलर देऊन, मेंदूचं चित्रण चालू असताना, त्यातले पैसे भुकेल्यांना अन्न पुरवणाऱ्या संस्थेकडे वळवले. कधी त्यांच्या मर्जीने, कधी करासारखे परस्पर कापून. मर्जीने दिल्यावर आनंदाशी निगडित असलेले मेंदूतले भाग अधिक चेतले, पण परस्पर कापले तरीही चेतले. तिथे दानशूरपणा मिरवायला जागाच नव्हती. गरजू माणसाला काही मिळालं, एवढ्यानेच बरं वाटलं होतं.

बॅटसनच्या निष्कर्षांविरुद्ध रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने त्याआधीच, १९९७ मध्ये, शेवटचा बालेकिल्ला लढवला होता. त्याचं म्हणणं असं की कणव वाटते तेव्हा आपल्याला समोरच्यात स्वतःचा अंश दिसतो. ‘मी’ची हद्द थोडी रुंदावते. मग मदत ही एक प्रकारे स्वतःलाच केलेली मदत, तिला निःस्वार्थ का म्हणायचं? हे वाचलं की मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीचा सोळावा अध्याय आठवायला हवा. दैवी गुणांमध्ये दयेचं वर्णन करताना ज्ञानेश्वर म्हणतात, पायात काटा रुतला तर कळ जिवापर्यंत पोचते, तसा हा दयाळू माणूस दुसऱ्याच्या संकटाने पोळतो. आणि तळपायाला गारवा मिळाला की तो डोळ्यांना सुखावतो, तसा दुसऱ्याच्या सुखाने सुखावतो. चाल्डिनी आणि ज्ञानेश्वर एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. चाल्डिनीला त्यात स्वार्थ सापडतो, ज्ञानेश्वरांना दयेची परिपक्व अवस्था. पायाचा काटा काढणाऱ्या हाताला आपण स्वार्थी म्हणत नाही. ‘मी’ची हद्द परक्या माणसापर्यंत पोचत असेल तर त्या अवस्थेला स्वार्थ म्हणण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तो शब्द तिथे निकामी होतो.

समाधान आपोआप येणं वेगळं आणि बक्षिसासाठी करणं वेगळं. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू ही मुलं आपण होऊन उचलून देतात. ज्यांना प्रत्येक वेळी खेळण्यासारखं काही बक्षीस दिलं, त्यांची मदत पुढे बक्षीस बंद झाल्यावर कमी झाली. ज्यांना काहीच दिलं नव्हतं ती मुलं मदत करत राहिली. मग अपघातातल्या जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार आता ‘राहवीर’ योजनेत २५ हजार रुपये देतं, त्याचं काय? २०२१ साली ही रक्कम ५ हजार होती. माझं मत विचाराल तर ही योजना चांगली आहे, पण पैशांसाठी नाही. आपल्या रस्त्यावर कणव कमी नव्हती, भीती जास्त होती. मदत करणाऱ्याच्या पाठीशी सरकार उभं आहे, हे त्या बक्षिसाने जाहीर होतं आणि त्याचं मोल रकमेहून जास्त आहे.

आतापर्यंत आपण एकेका क्षणाचा विचार केला. पण दया ही वाढणारी गोष्ट आहे आणि ती कशी वाढते याचं सर्वात बोलकं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. वरोऱ्यात मैला वाहण्याचं काम स्वतः करणाऱ्या मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमट्यांना एका पावसाळी दिवशी रस्त्याच्या कडेला कुष्ठरोगाने झडलेला एक माणूस दिसला. बोटं गेलेली, जखमांत किडे पडलेले. तुळशीराम त्याचं नाव. बाबा आमटे तिथून पळाले. कोणालाही न घाबरणारा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस भीतीने घरी आला, आणि ती भीतीच त्याला सोसवेना. ते परत गेले, तुळशीरामवर आडोसा उभा केला आणि त्याच्या मृत्यूपर्यंत त्याची शुश्रूषा केली. आपण भीतीवर मात करायला परत गेलो, हे बाबांनी स्वतः वारंवार सांगितलं आहे. काटेकोर न्याय करायचा तर पहिलं पाऊल त्यांनी स्वतःसाठी टाकलं. पण पुढे काय झालं ते बघा. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन ते या रोगाचं शास्त्र शिकले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती आणि १९५१ मध्ये पत्नी साधनाताईंसह वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभं राहिलं. तिथे रोग्यांना भिक्षा घालायची नाही, विहीर खणायची, शेत पिकवायचं, हातमाग चालवायचा, आणि हे सगळं त्यांच्याबरोबरीने करायचं असं ठरलं. स्वतःच्या भीतीपाशी सुरू झालेली गोष्ट समोरच्याच्या स्वाभिमानापर्यंत पोचली. हेतू पहिल्या दिवशी शंभर नंबरी असावा लागत नाही. तो कुठल्या दिशेने जातो हे बघावं लागतं.

हीच फूटपट्टी नसरापूरहून पुढे, आता राजगड नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्यात जाणाऱ्या मदतीला लावून बघता येते. दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या सोसायट्या, कार्यालयं, मित्रमंडळं गाड्या भरून डोंगरातल्या वाड्यांकडे येतात. फराळाची पाकिटं, ब्लँकेटं, वह्या, जुने कपडे. वाटप होतं, रांगेत उभ्या केलेल्या मुलांबरोबर फोटो होतात. या लोकांना ढोंगी ठरवायची घाई मी करणार नाही. कामाच्या धबडग्यातून रविवार काढून, स्वतःचं पेट्रोल जाळून ते येतात, आणि फोटो बघून दुसरे चार जण येतात हेही खरं. पण डांबरी रस्त्यालगतच्या वाडीला दोन-तीनदा ब्लँकेटं मिळावीत आणि तासभर चढावर असलेल्या धनगरवाड्यावर कोणी फिरकू नये, किंवा कपड्यांच्या गाठोड्यातून फाटकी जीन्स आणि लग्नातला कोट निघावा, तेव्हा देणाऱ्याने आधी कोणाला काही विचारलेलं नाही, हे उघड होतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी आहे. परतफेडीच्या आशेने दिलेलं दान तिथे कमी प्रतीचं ठरतं, अनादराने दिलेलं आणखी खालचं. पण त्याबरोबर स्थळ, काळ आणि घेणारा कोण, याचाही हिशोब आहे. म्हणजे मन चांगलं असणं पुरेसं धरलेलं नाही, चौकशी करणं हा दानाचाच भाग मानला आहे.

चौकशी करणं अवघड नसतं. शाळेचे गुरुजी, आशाताई, अंगणवाडीताई यांना कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोणाचं छप्पर पावसाळ्यात उडालं, कुठली मुलगी बारावीनंतर घरी बसणार आहे, हे नावानिशी माहीत असतं. त्यांना महिनाभर आधी फोन केला तर ब्लँकेटांची यादी बहुधा बदलते. आणि फोन न करता गेलात तरी एक संधी असते. एखादी आजी पाकीट हातात घेऊन म्हणते, “फराळ द्या, गोड लागतो, पण ब्लँकेट नको दादा, तीन झाली आता. पावसाळ्यात आजारी माणसाला खाली न्यायला जीप मिळत नाही, तिचं काही करता आलं तर बघा.” बॅटसनच्या प्रयोगातलं दार इथे उघडं असतं. चौथं ब्लँकेट तिच्या हातात देऊन, नमस्कार करून गाडीत बसता येतं, समाधानही मिळतं. नाहीतर तिच्याजवळ टेकून विचारता येतं, जीपवाला कुठे राहतो, एका फेरीचे किती घेतो, पावसात रस्ता कुठे खचतो. ही माहिती लिहून घ्यायला वही लागते, आणि मग पुढचा जून यायच्या आत फोटोशिवाय पुन्हा एकदा तो घाट चढून यावं लागतं.